काखेतल्या गाठी काढल्यानंतर सुजणाऱ्या हाताने व्यायाम करावा का? चालायचे कुठे?

गॅलरीवाली, लालबाग

नमस्कार. माझे वय ५६ आहे. अडीच वर्षांपूर्वी डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठी काढल्या, पुढे केमो आणि रेडिएशन झाले आणि आता रोज लेट्रोझोलची (शरीरातले इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या औषधाची) एक गोळी चालू आहे. तपासण्यांचे निकाल चांगले येत आहेत. अडचण आहे ती अंगातल्या ताकदीची. आमच्या चाळीत पाणी पहाटे पाचला येते. पूर्वी मी दोन कळश्या सहज भरून आणत असे; आता कळशीला हात लावला की शेजारच्या वहिनी धावत येऊन ती काढून घेतात, कारण ‘त्या हाताने काही उचलायचे नाही’ हे मला सांगितलेले वाक्य मजल्यावरच्या सर्वांना पाठ झाले आहे. तिसऱ्या मजल्यावर घर आहे आणि दुसऱ्यावर थांबावे लागते. संध्याकाळी डाव्या हातातली बांगडी रुतते, सकाळी बोटे आणि गुडघे आखडलेले असतात, आणि तळपाय इतके बधिर झाले आहेत की चप्पल निसटली तरी दोन पावले गेल्यावर कळते.

वजन उचलण्याचा व्यायाम मला चालेल का, आणि पावसाळ्यात चालायचे कुठे, हे जाणकारांनी सांगावे. जिमची फी परवडणारी नाही, आणि खरे सांगायचे तर तिथल्या आरशांसमोर उभे राहण्याची इच्छाही नाही.

फिजिओ, परळ

ताई, तुम्हाला मिळालेला सल्ला एके काळी सर्रास दिला जात असे आणि देणाऱ्याचा हेतू चांगलाच असे. पण तो आता जुना झाला आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला सूज राहिलेल्या १४१ स्त्रियांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, हाताला दाब देणारी बाही घालून आणि अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करून वर्षभर व्यायाम केला. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले आणि ताकद वाढली. काखेतल्या ग्रंथी गेल्यामुळे द्रवाचा निचरा मंदावतो हे खरे, पण त्या द्रवाला पुढे ढकलायला आकुंचन पावणारे स्नायू मदत करतात, म्हणून हात गळ्यात बांधल्यासारखा जपून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा अर्ध्या लिटरची भरलेली बाटली हे तुमचे पहिले डंबेल समजा. नीट मापाची बाही घालून, कोपरात हात वाकवणे, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलणे आणि भिंतीला टेकून दंड काढणे हे प्रत्येकी दहा वेळा, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून करा. दोन आठवडे हात शांत राहिला तरच बाटलीत पाणी वाढवा. दर रविवारी एकाच वेळी दोन्ही हात कोपराच्या चार बोटे वर आणि चार बोटे खाली शिंप्याच्या टेपने मोजून वहीत लिहा. नुसत्या बांगडीवर भिस्त ठेवू नका. माप वाढून तसेच राहिले तर आधीच्या वजनावर उतरा आणि डॉक्टरांना दाखवा. हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सुरुवात करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी अवश्य विचारा. केमोमध्ये लाल रंगाचे औषध (ते हृदयावर परिणाम करू शकते) मिळाले असेल तर हृदयाची टूडी एको तपासणी लागेल का, आणि लेट्रोझोलमुळे हाडे विरळ होऊ शकतात म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली आहे का. (ज्यांचा आजार हाडांत पसरला आहे, त्यांनी हे वाचून स्वतःच काही सुरू करू नये.) सांध्यांच्या आखडण्यावर चालणे आणि वजन दोन्ही उपयोगी पडतात. बधिर तळपायांसाठी मागे पट्टा असलेले किंवा पूर्ण बंद पादत्राण वापरा, रात्री तळवे उजेडात पाहा, आणि गॅलरीचा कठडा धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव करा.

मोठ्या आतड्याचा मालक, मुलुंड

ताई, माझा आजार वेगळा, पण २०२५ मध्ये आलेला एक निष्कर्ष आम्हा आतडेवाल्यांना फार धीर देऊन गेला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो संपलेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे प्रशिक्षकासह व्यायामाचा कार्यक्रम दिला आणि बाकीच्यांना आरोग्यविषयक पुस्तिका. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत सुमारे ८० टक्के आणि इतरांत सुमारे ७४ टक्के होते. स्नायू आणि सांध्यांच्या तक्रारी व्यायामवाल्यांत अधिक होत्या, हेही सांगायला हवे. बहुतेकांचा व्यायाम भरभर चालण्याचाच होता: बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. मी तसा एरवीही गात नाही, त्यामुळे वेग पडताळण्यासाठी मनातल्या मनात आरती म्हणतो.

कट्टेकरी, माहीम

शिवाजी पार्कची एक फेरी एक किलोमीटरहून थोडी अधिक भरते, आणि दम लागला तर कोठेही टेकायला कट्टा आहे. तुमच्यासारखीला हा आधार मोठा. सातच्या आत या, नंतर दमट हवेत घामाने जीव नकोसा होतो. पावसात शेवाळलेल्या फरशा पाहता बधिर पायांनी तिथे येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या चार महिन्यांत तुमची गॅलरीच बरी.

गॅलरीवाली, लालबाग (सात आठवड्यांनंतर)

डॉक्टरांना विचारून सुरुवात केली. डेक्सा झाली, हाडे थोडी विरळ आहेत, पण व्यायामाला हरकत नाही. गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या ५८ पावलांची आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकत वाकत वीस मिनिटे फेऱ्या मारते. वहीतली मापे जागची हललेली नाहीत आणि बाटली आता एक लिटरची झाली आहे. परवा पहाटे कळशी तळाला चार बोटे भरून मी स्वतः घरात आणली; वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या, पण पुढे आल्या नाहीत. एकच शंका उरली आहे: धुतलेली बाही या हवेत रात्रभरात वाळत नाही. ओलसर बाही घातली तर चालेल का?

फिजिओ, परळ

नाही, ओलसर बाहीखाली त्वचा खराब होते आणि तुमच्या हाताला जंतुसंसर्ग परवडणारा नाही. शक्य झाल्यास दुसरी बाही घेऊन आलटून पालटून वापरा. धुतल्यावर पिळू नका. कोरड्या पंचात गुंडाळून पाणी टिपा आणि पंख्याखाली आडवी पसरा. इस्त्री मात्र फिरवू नका, कारण उष्णतेने तिची दाब देण्याची ताकद जाते.