उबंटूत स्वॅप फाइलवर हायबरनेट होतो, पण चालू केला की सगळं कोरं

प्रश्न: लॅपटॉपवर उबंटू (लिनक्स) २४.०४, रॅम १६ जीबी, सिक्युअर बूट बंद. झाकण लावून ठेवला की सस्पेंड होतो पण रात्रभरात बॅटरी खूपच उतरते म्हणून हायबरनेट हवंय, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद. वेगळं स्वॅप पार्टिशन (रॅममधलं डिस्कवर ठेवायची जागा) नाहीये, १८ जीबीची स्वॅप फाइल बनवली, ग्रबमध्ये (सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर) रिझ्यूमपुढे तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) टाकला, अपडेट-ग्रब पण केलं. बंद नीट होतो, पण चालू केल्यावर सरळ लॉगिन येतं आणि आधीचं काहीच उघडलेलं नसतं. काय राहिलंय?

उत्तर: यूयूआयडीच चुकतोय. एमकेस्वॅप (स्वॅप बनवायची कमांड) जो दाखवतं तो फाइलचा असतो, इथे हवा फाइल ज्या पार्टिशनवर आहे त्याचा, म्हणजे तुमच्याकडे बहुतेक रूटचा (सिस्टिम असलेलं मुख्य पार्टिशन). आणि तेवढ्याने भागत नाही, लॅपटॉप चालू होताना रूट अजून माउंट झालेलं (जोडलेलं) नसतं त्यामुळे कर्नलला (सिस्टिमचा गाभा) फाइल नावाने सापडत नाही, ती डिस्कवर कुठून सुरू होते तो आकडा रिझ्यूम-ऑफसेटमध्ये द्यावा लागतो. सुडो लावून स्वॅप फाइलवर फाइलफ्रॅग डॅश व्ही कमांड चालवा, पहिली ओळ साधारण "०: ०.. ३२७६७: ३८९१२.. ७१६७९" अशी दिसेल, त्यातला फिजिकल ऑफसेटखालचा पहिला आकडा, इथे ३८९१२, टिंबं सोडून घ्यायचा. मग अपडेट-ग्रब, अपडेट-इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची इमेज नव्याने बनवायला) आणि एक साधा रीबूट, हायबरनेट त्यानंतरच.

उत्तर: वरचं बरोबर, पण ते ईएक्सटी४ फाइलसिस्टिमसाठी. बीटीआरएफएस असेल तर फाइलफ्रॅगचा आकडा अजिबात वापरू नका, तिथे बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल मॅप-स्वॅपफाइल डॅश आर ही कमांड. आणि फेडोरावाल्यांनो, तुमचा डिफॉल्ट स्वॅप झेडरॅम असतो, तो रॅममध्येच राहतो, लॅपटॉप बंद झाला की गेला, त्यावर हायबरनेट होणारच नाही.

प्रश्नकर्ता: झालं!! ईएक्सटी४ च आहे, रूटचा यूयूआयडी आणि ऑफसेट टाकला, ब्राउझरचे सगळे टॅब जसेच्या तसे परत आले. खूप आभार दोघांचे. फाइल पुढे २४ जीबीची केली तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण फाइल नव्याने बनवली की ऑफसेट बदलतो, तो परत काढून ग्रबमध्ये टाका. आणि कळकळीने सांगतो, हायबरनेट केलेला असताना लाइव्ह यूएसबीने किंवा दुसऱ्या ओएसमधून ते रूट पार्टिशन माउंट करू नका, परत चालू केल्यावर कर्नल जुन्याच माहितीवर लिहायला लागतं आणि फाइलसिस्टिम खराब होते, डेटा जातो.