बायपासनंतर वडील डवरणीला (बैलांनी कोळपणीला) जायचे म्हणतात. घरची कामे कधीपासून आणि किती करू द्यावीत?

वावरवाला, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. माझ्या वडिलांची (वय 61) बायपास शस्त्रक्रिया 23 दिवसांपूर्वी नागपूरला झाली. छातीचे हाड उघडून शस्त्रक्रिया केली असून डाव्या पायातील शीर काढून हृदयाला जोडली आहे. सुटी मिळताना दिलेल्या कागदावर ‘जड काम करू नये, रोज चालावे’ एवढेच लिहिले आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात जड काम नेमके कशाला म्हणायचे, हाच आमचा प्रश्न आहे. पऱ्हाटी (कपाशी) वीतभर झाली आहे, पावसाने उघडीप दिली की सारा गाव डवरणीला लागतो आणि बाबा म्हणतात, ‘काम त बैल करते, मी त नुसता मांगं चालतो.’ उलट आई त्यांना पाण्याचा गिलाससुद्धा उचलू देत नाही. बाजेवरून उठताना त्यांच्या छातीत कळ येते आणि संडास उकिडवे बसण्याचा आहे. अंघोळ, चालणे, मोटारसायकल आणि वावर, यांपैकी काय कधी सुरू करावे?

फिजिओथेरपिस्ट, वर्धा

तुमच्या डॉक्टरांनी बाबांना तपासले आहे, मी नाही. त्यामुळे त्यांचा शब्द अंतिम माना. तरी अशा रुग्णांच्या घरी जाऊन जे रोज सांगतो, ते लिहितो.

हृदयाचा रक्तपुरवठा सुधारल्यामुळे दम कमी लागतो, बरे वाटते आणि माणसाला कामाची ओढ लागते. परंतु मधोमध कापलेले छातीचे हाड अजून तारांनी बांधलेले आहे. ते जुळायला साधारण 6 ते 8 आठवडे आणि बळकट व्हायला सुमारे 12 आठवडे लागतात. मधुमेह असेल किंवा खर्रा (तंबाखू-सुपारी) सुटला नसेल, तर आणखी वेळ लागू शकतो. म्हणून सध्या प्रत्येक काम किलोत मोजा. 4-5 किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही, ओढायचे नाही आणि ढकलायचेही नाही. पाण्याने भरलेली बादली 15 किलोची असते, फवारणीचा भरलेला पंप 20 किलोच्या आसपास जातो आणि युरियाची बॅग 45 किलोची असते. डवरणीत तर वजन दिसतही नाही: रुमण्यावर (डवऱ्याच्या मुठीवर) दोन्ही हातांनी दाब द्यावा लागतो, धसकट अडले की हिसका थेट छातीत जातो आणि बैल तासाबाहेर गेला की कासरा ओढावाच लागतो. त्यामुळे या हंगामातील डवरणी बाबांनी करू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

बाजेवरची कळ मला ओळखीची आहे. बाज मधोमध खोल जाते, आणि त्या खोलगट्यातून निघताना माणूस दोन्ही हात कडेच्या लाकडावर टेकून सारे अंग वर ढकलतो. त्यांना सपाट, गुडघ्याइतक्या उंचीच्या दिवाणावर झोपवा. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत, मग हात छातीशी धरून पायांच्या जोरावर उभे राहावे. खोकला किंवा शिंक आली, तर लहान उशी छातीशी घट्ट कवटाळावी.

चालणे मात्र आजपासूनच हवे. 5 ते 10 मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा, सपाट रस्त्यावर. दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्यावे. चालता चालता बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे, असे समजावे. पावसाळ्यात वावराच्या धुऱ्यावरून चालू नये, कारण चिखलात पाय घसरला की हात आपोआप टेकला जातो.

दोन वर्षांपूर्वीचा रुग्ण, वाशीम

माझीही बायपास झाली आहे, शेती कोरडवाहू आहे. मोटारसायकल मी दोन महिन्यांनी, डॉक्टरांनी छाती तपासल्यावरच हाती घेतली. त्याआधी मागे बसूनही गेलो नाही, कारण आमच्या रस्त्यावरचे खड्डे छातीला सोसत नाहीत. तपासणीला कारने गेलो, पट्टा लावला आणि पट्टा व छाती यांमध्ये उशी ठेवली. चौथ्या आठवड्यात विनाकारण रडू यायचे, हे मी कोणाला सांगितले नव्हते. पुष्कळांना असे होते, हे नंतर डॉक्टरांकडून कळले. बाबा गप्प राहू लागले, तर त्यांच्याशी बोला.

निवृत्त परिचारिका, चंद्रपूर

संडासासाठी तालुक्याच्या ठिकाणी औषधांच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते, ती आजच आणा. उकिडवे बसून उठताना हातांवर जोर येतो. शौचाला कुंथणेही टाळायचे आहे. पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांना विचारून औषध द्या. अंघोळ खुर्चीवर बसून, कोमट पाण्याने करावी, जखम साध्या साबणाने हलके धुऊन टिपून घ्यावी आणि त्यावर हळद, तेल किंवा कोणताही लेप लावू नये. शीर काढलेला पाय बसताना उंच ठेवावा, मांडी घालून बसू नये.

तुमच्या आईंना माझा निरोप द्या: ताई, त्यांना डाळ निवडू द्या, दाढी करू द्या, ताट-वाटी उचलू द्या. नुसते पडून राहण्यानेही नुकसानच होते.

रोज सकाळी वजन वहीत लिहा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढले, ताप 100.4 च्या वर गेला, जखमेतून पू आला किंवा छातीत हाड कटकट वाजले, तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. छातीत दाब, आडवे पडल्यावर दम किंवा भोवळ आली, तर वाट न पाहता 108 लावा. गोळ्या, विशेषतः रक्त पातळ ठेवणाऱ्या, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

वावरवाला, यवतमाळ जिल्हा

सर्वांचे मनापासून आभार. बाज काल ओसरीत उभी करून ठेवली आणि बाबांना दिवाणावर झोपवले. आज पहाटे ते कुशीवर वळून, कण्हल्याशिवाय उठले. डवरणी शेजारच्या काकांच्या बैलजोडीने उरकायचे ठरले आहे. आईने सकाळी तुरीची डाळ सुपात घालून निवडायला बाबांसमोर ठेवली आणि काही न बोलता चुलीकडे गेली.