विंडोज १० : ‘२२एच२’ आणि समर्थन संपल्याची सूचना

नाशिकरोडकर :
माझ्या करसल्लागार कार्यालयातील संगणकावर ‘विंडोज १०, आवृत्ती २२एच२’ असे दिसते. सर्व अपडेट नियमित घेतलेले असूनही समर्थन संपल्याची सूचना येते, याचा अर्थ काय?

सातपूरकर :
२२ म्हणजे २०२२ हे वर्ष आणि एच२ म्हणजे त्याचा उत्तरार्ध. विंडोज १०ची ही शेवटचीच आवृत्ती असल्याने तिच्यापुढे जाण्यास जागा नाही आणि मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे नियमित समर्थन थांबवले. संगणक बंद पडणार नाही. मात्र नव्याने उघड होणाऱ्या सुरक्षा-त्रुटींची दुरुस्ती आपोआप मिळणार नाही, आणि अशिलांची विवरणपत्रे ज्या यंत्रावर भरली जातात तेथे ही जोखीम मला तरी परवडणारी वाटत नाही.

नाशिकरोडकर :
मग विंडोज ११ घ्यावे का?

पंचवटीकर :
आधी यंत्रात टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारा सुरक्षा-घटक) आहे का ते तपासावे. अनेकदा ते असते, पण बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेले असते. प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत असावा लागतो.

सातपूरकर :
एक पुरवणी : विंडोज ११च्या होम व प्रो प्रकारांत प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिन्यांचेच समर्थन असते, म्हणून केवळ ‘११’ न पाहता त्यापुढे लिहिलेला ‘२२एच२’सारखा आवृत्ती क्रमांकही पाहावा.