वेटलँड : पाणथळ की आर्द्रभूमी?

शब्दवेडी : एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. विषय असा : सुकवलेल्या वेटलँडमध्ये पुन्हा पाणी खेळवायचं, म्हणजे पक्षी-मासे परततात आणि पूर-दुष्काळाचा तडाखाही कमी बसतो. मी सगळीकडे 'पाणथळ जागा' लिहिलं. संपादकांनी लाल रेघ मारून 'आर्द्रभूमी' केलं. म्हणाले, "पाणथळ म्हणजे चिबडलेली, निकामी जमीन. ती परत आणायला कोण पैसे देईल?" 'रिस्टोरेशन' (बिघडलेलं पूर्ववत करणं) आणि 'रेझिलियन्स' (धक्का सोसून सावरणं) हेही अडलेत. सुचवा.

गाळीव : पाणथळच! पाणी अधिक स्थळ, इतका सरळ शब्द. आर्द्रभूमी हिंदीतून उचललीय. 'आर्द्र' म्हटलं की मला ओल धरलेली भिंत दिसते.

टिटवी : संपादक अगदीच चुकलेले नाहीत. आम्ही मृदाशास्त्र शिकलो तेव्हा 'पाणथळ' हा जमिनीचा रोग होता आणि चर खणून निचरा करणं हे औषध. आता तेच चर बुजवायला सांगतात. शब्द बिचारा तोच आहे.

खोलगट : आधी वेटलँड म्हणजे काय ते ठरवा. वेटलँड जपण्यासाठी झालेल्या 1971 च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत ओहोटीला 6 मीटरपर्यंत खोल असलेलं समुद्राचं पाणीही येतं. म्हणजे उथळ पाण्यातली प्रवाळभित्तीसुद्धा वेटलँड. तिला पाणथळ म्हणणार?

गाळीव : इंग्रजीत तरी प्रवाळाला 'ओली जमीन' कोण म्हणतं? करारातला अर्थ करारापुरता.

खोलगट : अनुवाद त्याच कराराच्या भाषेतला असेल तर?

शब्दवेडी : नाहीये. साध्या वाचकांसाठी आहे. रिस्टोरेशनचं बघा ना.

नवखा : जीर्णोद्धार?

गाळीव : देऊळ आहे का ते!

नवखा : मग जलसंजीवनी.

टिटवी : ती जुलाबावर देतात. 😄
गंमत सोडा, मला इथे दोन शब्द लागतील असं वाटतं. फ्लोरिडातली किसिमी नदी 1960 च्या दशकात सरळ कालव्यात कोंबली होती. पुढे कालव्याचा बराच भाग बुजवून पाणी जुन्या वळणांत सोडलं. ते काम 2021 मध्ये संपलं, पाणपक्षीही परतले. यंत्रं लावून नदी जागेवर बसवली, तिथे 'पुनर्स्थापना' चालेल. पण इंग्लंडात नॉरफोकमध्ये शेतांखाली बुजवलेली जुनी तळी उकरली, तर शंभराहून जास्त वर्षं गाळात पडून असलेलं बी आपसूक रुजलं. कुणी काही लावलं नव्हतं. त्याला 'पुनरुज्जीवन'च म्हणायला हवं. 'उज्जीवन' शब्दशः घडलं की!

शब्दवेडी : हे आवडलं. जाता जाता, पीटला, म्हणजे दलदलीत साठलेल्या वनस्पतींच्या अवशेषांच्या थराला, काय म्हणू? जगाच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के, पण सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन धरून बसलंय म्हणे.

गाळीव : कुजमाती.

टिटवी : उलटंच झालं! पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून ते नीट कुजत नाही, तिथेच कार्बन अडकतो. निचरा केला की खरं कुजायला लागतं आणि कार्बन हवेत जातो. 'अर्धकुजी' म्हणा हवं तर.

गाळीव : पीटच बरं.

खोलगट : शुद्धीवाले शरण आले, नोंद घ्या.

लव्हाळा : रेझिलियन्ससाठी माझा लाडका शब्द, 'लव्हाळेपण'. महापुरात झाडं वाहून जातात, लव्हाळी उरतात. लवणे, लवचिक, लव्हाळा, सगळी एका कुळातली असणार. शिवाय लव्हाळा वाढतोही पाणथळीतच!

खोलगट : व्युत्पत्ती तुमच्या टोपणनावाइतकीच सोयीची आहे. आणि तो दाखला नम्रतेचा आहे, हवामानाचा नाही.

टिटवी : माझी अडचण निराळी. लव्हाळा वाकून स्वतः वाचतो. पाणथळ जागा पुराचं पाणी पोटात घेते, मग सावकाश सोडते आणि खालच्यांना वाचवते. 'तग धरण्याची क्षमता' लांबलचक आहे, पण 'लवचिकता'पेक्षा बरी. लवचिकतेत रबर आठवतं.

नवखा : 'तगाऊ'?

गाळीव : तगाई आठवली. कर्ज काढून लवचिक व्हा!

शब्दवेडी : मुद्रितं उद्या जातायत. तूर्त 'पाणथळ जागांचे पुनरुज्जीवन' ठेवते, संपादकांशी भांडेन. रेझिलियन्सचं अजून कुणी सांगा.

लव्हाळा : सांगतो, पण आधी एक. अनेकवचन 'लव्हाळे' की 'लव्हाळी'? वर मी 'लव्हाळी' लिहिलंय, घरी आजी 'लव्हाळे' म्हणायची.

गाळीव : आजी बरोबर.

खोलगट : एकवचन 'लव्हाळा' की 'लव्हाळे', त्यावर आहे ते.