अज्ञात, अनाम की अज्ञातनामा?

कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक सुभेदार आमच्या शेजारी राहतात. ते आणि त्यांचे जुने सोबती वर्गणी काढून पितळी नाणी पाडून घेणार आहेत, ज्यांची ओळखच पटली नाही अशा सैनिकांसाठी. एका बाजूला उलटी रोवलेली रायफल आणि तिच्यावर लोखंडी टोप, १९७२ साली इंडिया गेटखाली उभारलेल्या अमर जवान ज्योतीपाशी होता तसा. दुसऱ्या बाजूला 'अज्ञात सैनिकास'. मला यातला 'अज्ञात' खटकतो. 'अज्ञात वाहनाची धडक', 'अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा' हे रोज पेपरात वाचून त्या शब्दाला पोलीस ठाण्याची कळा आली आहे. 'अनाम वीरास' कसं वाटतं? शिवाय, याला नाणं म्हणावं का?

उत्तर

ताई, 'अनाम' कानाला गोड आहे, पण अर्थ तपासा. अनाम म्हणजे ज्याला नावच नाही. या माणसाला नाव होतं. आईनं ठेवलेलं, पलटणीत रोज हजेरीला पुकारलेलं. ठाऊक नाही ते आपल्याला. उणीव आपल्या माहितीत आहे, त्याच्यात नाही. ११ नोव्हेंबर १९२० ला लंडनमध्ये अशा एका सैनिकाला मानानं पुरलं; पॅरिसमध्येही त्याच दिवशी अशा एकाला मानानं आणलं, पुरलं मात्र जानेवारी १९२१ मध्ये. ब्रिटिश युद्धदफनभूमींत ओळख न पटलेल्यांच्या दगडावर 'देवालाच ठाऊक' या अर्थाची ओळ असते. म्हणजे नाव आहे, फक्त आपल्यापाशी नाही. मराठीत हे नेमकं सांगणारा शब्द आहे: अज्ञातनामा. ज्याचं नाव अज्ञात आहे तो, सरळ बहुव्रीही.

'शहीद' मी टाळेन. नागपुरात तो गोवारी स्मारकाशी जोडलेला आहे, १९९४ च्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत गेलेल्या त्या ११४ जिवांशी, आणि तिथे तो शोभतोच. पण सैन्य स्वतः हा शब्द अधिकृतपणे वापरत नाही. 'धारातीर्थी पडलेला' हा आपला जुना शब्द: शस्त्राची धार हेच तीर्थ.

नाणं म्हणाल तर चलनात चालतं ते नाणं. पदक छातीवर लावतात, तेही नाव घेऊन दिलेलं. म्हणून 'स्मरणमुद्रा' म्हणा. माझं आजोळ नाशिककडचं. तिथे देवघरात वीराचा टाक असतो, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला, अंगठ्याएवढा. लढाईत पडलेला कुणी पूर्वज. आमच्या टाकातल्या वीराचं नाव आजीलाही सांगता येत नसे, पण धुळवडीला त्याला मिरवल्याशिवाय तिचा सण होत नसे. तुमच्या सुभेदारांची वस्तू मला त्या टाकाच्या जवळची वाटते.

पुन्हा मूळ प्रश्नकर्ती

दादा, हे सगळं सुभेदार काकांना वाचून दाखवलं. 'हजेरीला पुकारलेलं' इथे ते थांबले, म्हणाले, परत वाच. 'अज्ञातनामा वीरास' ठरलं. इतवारीतल्या ठसा कोरणाऱ्यानं एकच अडचण सांगितली: 'ज्ञ' बारीक कोरला तर त्याची पोकळी भरून जाते. म्हणून ते एक अक्षर इतरांपेक्षा किंचित मोठं घेतोय.