खाडीतला काळा गाळ खाजणात पसरावा का?

खाजणकाठ (रत्नागिरी जिल्हा):
आमचं भाताचं खाजण, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, खाडीला लागून आहे. उधाणाला बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं. आता गावकीनं ठरवलंय की खाडीतला गाळ जेसीबीनं उपसायचा, बांधाला लावायचा आणि उरलेला शेतात पसरायचा. गाळानं जमीन सुधारते हे आम्ही पाहिलेलं आहे. पण खाडीच्या वरच्या अंगाला रासायनिक कारखाने आहेत, अधूनमधून पाण्याला रंग येतो. सुकतीला आई आणि काकी त्याच चिखलात तिसऱ्या (शिंपल्या) काढतात, घरातली पोरं खातात. मृदा आरोग्य पत्रिकेत सगळं ठीक आलंय, खाडीकाठची तिवरंही (कांदळवनाची झाडं) हिरवीगार आहेत. उघाडीजवळ (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळ) पाण्यावर तांबूस तवंग असतो, तो कारखान्याचा का? गाळ टाकू द्यावा की अडवावा?

मातीपरीक्षक:
ताई, तपासणी होईपर्यंत अडवा. माझा जन्म मातीच्या प्रयोगशाळेत गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या पत्रिकेवर बारा घटक असतात. त्यात जस्त, तांबं, लोह, मँगनीज येतात, तेही पिकाला पुरेसे आहेत का एवढंच बघायला. कॅडमियम, शिसं, पारा, आर्सेनिक त्यात तपासतच नाहीत. म्हणून तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नका.

खाडीचा चिखल काळा असतो आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, कारण आत हवा नसते आणि गंधक सल्फाइडच्या रूपात असतं. शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं या सल्फाइडला धरून बसतात. पाण्याखाली आहे तोवर त्यांतलं बरंचसं जागेवर राहतं. हाच गाळ उपसून उन्हात टाकला की हवा लागते, सल्फाइडचं गंधकाम्ल होतं, सामू (पीएच) घसरतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि धातू सुटे होतात. मग ते पावसाच्या पाण्याबरोबर भाताच्या मुळाशी जातात. भाताचं आणखी एक आहे: शेतात पाणी साचलेलं असलं की आर्सेनिक सुटतं, निचरा झाला की कॅडमियम. जपानात जिंझू नदीच्या काठी खाणीतलं कॅडमियम भातात उतरलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. तिथल्या सरकारनं 1968 साली ते मान्य केलं.

तिवरं हिरवी आहेत म्हणून माती चांगली, असं समजू नका. तिवराची मुळं चिखलात प्राणवायू सोडतात, त्यानं मुळांभोवती लोहाचा गंजासारखा लेप बसतो. एखादं बारीक मूळ धुऊन उन्हात धरा, तांबडी साल दिसेल. त्या लेपात धातू अडकतात, मुळातही साठतात, पानापर्यंत त्या मानानं कमी पोचतात. त्यामुळे झाड टवटवीत दिसतं. कांदळवन उपटलं तर हा सगळा साठा मोकळा होईल, म्हणून त्याला हात लावू देऊ नका.

तवंगाला काठीनं डिवचा. काचेसारखे तुकडे झाले तर ते लोहाच्या जिवाणूंचं काम, आपल्या जांभ्याच्या मुलखात नेहमीचं. फाटून परत जुळला तर तेल.

नमुना घेताना गॅल्व्हनाइज्ड घमेलं वापरू नका, त्याचं जस्त नमुन्यात येतं. प्लास्टिकचं खोरं, वरचा 10 सेंटिमीटर थर वेगळा, खालचा वेगळा. पिशवीतली हवा काढून बर्फात न्या. प्रयोगशाळेत आम्लात विरघळवून एकूण कॅडमियम, शिसं, पारा, आर्सेनिक, क्रोमियम मागा. कारखाने नसलेल्या जवळच्या खाडीतलाही एक नमुना द्या. आपल्या जांभ्याखालचा मूळ खडक बेसॉल्ट, त्यात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच असतं. तुलना नसेल तर आकडा नुसताच भीती घालतो.

तिसऱ्यांचाही नमुना द्या, पण आधी रात्रभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवा, म्हणजे पोटातला चिखल निघून जाईल. युरोपात शिंपल्यांना कॅडमियमची मर्यादा किलोला 1 मिलिग्रॅम आहे. पांढऱ्या तांदळाला कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, 0.4. शिजवल्यानं धातू नाहीसे होत नाहीत. अहवाल येईपर्यंत पोरांना तिथल्या तिसऱ्या देऊ नका, आईंना वाईट वाटलं तरी.

अलिबागकर:
वरच्याशी सहमत. आमच्याकडे बांधाला डोंगरातली माती आणि बाहेरून दगड लावतात, गाळ लागतच नाही. आणि गावकीला सांगा, 2018 साली मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली आहे, भोवतालच्या 50 मीटरमध्येही बांधकाम करता येत नाही. जेसीबी तिवरांतून नेला तर गुन्हा गावावर येईल. खारं शिरलेल्या शेताला पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या भाताच्या जाती बघा.

खाजणकाठ:
दोघांचे आभार. बैठकीत हे वाचून दाखवलं, पसरायचं थांबलंय. पण थोडा गाळ आधीच उपसून बांधावर ढीग घातलाय, वरून तडकायला लागलाय. त्याचं काय करू?

मातीपरीक्षक:
त्यावर आजच ताडपत्री टाका आणि ढिगाचं पाणी शेतात येणार नाही असा चर काढा. मूठभर गाळ डब्यात घेऊन, ओलसर पण उघडा, दोनेक महिने सावलीत ठेवा आणि अधूनमधून सामू बघा. 4 च्या खाली आला तर तो शेतात घालायचाच नाही. शिंपल्यांचा चुरा जास्त असेल तर सामू टिकेल, पण तेवढ्यानं धातू नाहीत असं ठरत नाही. अहवाल आला की आकडे इथे टाका, मी बघतो.