अमिकासिन चालू आहे, आईला थर्मामीटरची बीप ऐकू येईना

सायली_०७: आईला फुप्फुसाच्या संसर्गासाठी अमिकासिन या प्रतिजैविकाची इंजेक्शनं सुरू होऊन सतरा दिवस झाले. काल काखेत थर्मामीटर लावून बसली होती. तो वाजलेला मला आतल्या खोलीत ऐकू आला, तिला नाही. बोललेलं सगळं ऐकू येतं, म्हणून ती म्हणते, "मला काही झालेलं नाही." कान वाचवणारी एखादी गोळी असते का? कुणी ॲस्पिरिन सुचवलं.

तारस्वर: ऑडिओलॉजिस्ट आहे. बोलणं ऐकू येतंय यावर जाऊ नका. बीपसारखे उंच पट्टीचे, बारीक आवाज टिपणाऱ्या केसपेशी (सूक्ष्म केस असलेल्या पेशी) कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाच्या, तळाशी असतात आणि हे औषध आधी त्यांनाच गाठतं. आवाजाने केस हलले की पेशीची जी दारं उघडतात, त्यातूनच ते आत शिरतं. पक्ष्यांत मेलेल्या केसपेशी पुन्हा येतात, आपल्यात नाही.

नेहमीची तपासणी ८००० हर्ट्झला थांबते, १६००० पर्यंतची करून घ्या. औषध मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना आजच सांगा. रक्तातली औषधाची पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) विचारा. जोडीला फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) असेल तर कानाला दुहेरी फटका.

ॲस्पिरिनचं म्हणाल, तर २००६ साली छापलेल्या चीनमधल्या चाचणीत जेंटामायसिन (अमिकासिनच्याच गटातलं औषध) घेणाऱ्यांत बहिरेपणा १३ टक्के होता, सोबत ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ३. तरी ते परस्पर देऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो.

डुगडुग: मला जेंटामायसिन दिलं होतं. कान शाबूत, तोल गेला. चालताना समोरच्या पाट्या नाचतात, अंधारात भिंत धरून जातो. आईंचं चालणंही बघा.

सायली_०७: डॉक्टर औषध बदलतायत. त्यांनी विचारलं तेव्हा आठवलं, आईची आई क्षयाच्या इंजेक्शनांनंतर ठार बहिरी झाली होती. आम्ही "वय झालं" म्हणायचो. तेव्हा ती चाळिशीची होती!

तारस्वर: अहो, हे आधी सांगायचं! क्षयाची ती इंजेक्शनंही बहुधा याच गटातली. मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघरांच्या) डीएनएत १५५५ व्या जागी एक बदल असतो, तो आईकडूनच उतरतो. असेल तर या गटातल्या औषधांच्या थोड्याशा डोसनेही कान जाऊ शकतात. जनुक तपासणी करा. तुम्ही, भावंडं, मामा, मावशी, मावशीची मुलं, सगळ्यांच्या फाइलवर लिहून ठेवा. मामाच्या मुलांना मात्र त्याच्याकडून येत नाही.

सायली_०७: मावशीला परवापासून लघवीच्या संसर्गासाठी कसलंसं इंजेक्शन चालू आहे. फोन लावतेय.